शक्यता नाकारणाऱ्या थूल मॅडम

थूल मॅडमनी मला पहिल्या दिवशी विचारलं, "तुला मराठी येतं का?"

मी सेलूची. माझ्या सात पिढ्यांना दुसरं काही आलं नव्हतं. मी म्हटलं, हो.

"आणि इंग्रजी?"

"टायपिंगपुरतं येतं."

"छान. म्हणजे तू आमच्या डॉक्टरांपेक्षा बरी आहेस. त्यांना दोन्ही येत नाही."

वर्ध्याजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सोनोग्राफीचे रिपोर्ट टाईप करायची नोकरी मला लागली होती. टेबलावर पेशंट, स्टुलावर डॉ. वत्सला थूल आणि कोपऱ्यात कीबोर्डपाशी मी, अशी त्या अंधाऱ्या खोलीची रचना होती. मॅडम ठेंगण्या, सावळ्या. चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. अंगात बारा महिने एकच राखाडी स्वेटर, तोही पुरुषी. एका हातानं त्या पोटावर प्रोब फिरवत आणि तोंडानं मला रिपोर्ट सांगत. रिपोर्ट इंग्रजीत असे, टोमणे दोन्ही भाषांत. कुठे रिपोर्ट संपला आणि कुठे टोमणा सुरू झाला, हे ओळखायला मला तीन महिने लागले. एकदा तर "यकृत ठीक, नवरा ठीक नाही" असं वाक्य मी इमानदारीनं इंग्रजीत टाईप करून सहीला ठेवलं. मॅडमनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "मजकुरात चूक काहीच नाही. पण नवऱ्याला काढ."

त्यांच्याकडे शिकायला येणारे निवासी डॉक्टर पहिल्या आठवड्यात घाबरत, दुसऱ्या आठवड्यात रडत आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्यांची नक्कल करत. रंगीत डॉप्लर नावाचं तंत्र त्या शिकवत. त्यात वाहणारं रक्त पडद्यावर लाल-निळं दिसतं. दर वर्षी कोणीतरी हुशार मुलगा सांगायचाच की लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध. मॅडम त्याला नमस्कार करत. "महाराज, आपण पंचांग काढा. लाल म्हणजे आपल्याकडे येणारं, निळं म्हणजे आपल्यापासून जाणारं. प्रोब फिरवला की लालाचं निळं होतं. पुढाऱ्यांसारखंच आहे, लक्षात ठेवायला सोपं."

आणि एक नियम होता, त्यावर विनोद चालत नसे. सोनोग्राफीच्या रिपोर्टांत एक लाडकं वाक्य असतं : अमुक आजाराची शक्यता नाकारता येत नाही. डॉक्टरांचं ते छत्रीसारखं आहे. पाऊस आला तरी आपण कोरडे, नाही आला तरी आपण कोरडे. थूल मॅडमच्या खोलीत ते वाक्य टाईप करायला बंदी होती. "नाकारता येत नसेल तर स्वीकार आणि घरी घेऊन जा," त्या म्हणत. "दिसलं तर दिसलं लिही, नाही दिसलं तर नाही दिसलं लिही. कळलं नाही तर कळलं नाही लिही. तेवढी लाज मी माझ्या नावावर घेते." मला वाटायचं, हा त्यांचा स्वभावच असेल.

गर्भलिंग सांगणं हा गुन्हा आहे अशी पाटी दारावर, आत आणि जिन्यातही होती. तरी एकदा तालुक्यातले एक वजनदार गृहस्थ सुनेला घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी काही बोलू नका. पेढा का जिलबी, एवढंच सांगा." मॅडम म्हणाल्या, "मला गोड चालत नाही. पोलीस ठाण्यात चहा बरा मिळतो, तिथं विचारू." आणि खरोखर फोन उचलला. गृहस्थ जिना इतक्या वेगानं उतरले की सून वरच राहिली. मॅडमनी तिची तपासणी निवांत केली.

काही नातेवाईक मॅडमचं आडनाव विचारत. का विचारतात, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत असे. मॅडम आडनाव दोनदा सांगत, दुसऱ्यांदा इंग्रजी स्पेलिंगसकट, आणि विचारत, "लिहून देऊ का? घरी जाऊन विसराल." वडील सेलूच्या जिनिंगमध्ये हमाल होते, हे त्या आपणहून सांगत. आपल्या सुवर्णपदकाबद्दल मात्र कधीच नाही. ते मला वीज दुरुस्त करणाऱ्या वायरमनकडून कळलं.

मला या बाई खऱ्या कळल्या त्या आंजी गावच्या संगीतामुळे.

संगीता आली तेव्हा बावीस वर्षांची होती. लग्नाला तीन वर्षं झालेली. घरचा भाजीपाला. वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा माल काढायचा आणि पहाटे वर्ध्याच्या बाजारात न्यायचा. तिसरा महिना चालू होता आणि पोट पाच महिन्यांएवढं. उलट्यांनी ती चिपाड झाली होती. सोबत नवरा आणि सासू. सासूच्या हातातल्या पिशवीत नारळ होता, कारण गावातल्या कोणीतरी सांगितलं होतं, जुळे आहेत.

मॅडमनी प्रोब ठेवला आणि बोलायच्या थांबल्या. पडद्यावर लेकरू नव्हतं. एकही नव्हतं. सगळी गर्भपिशवी बारीक-बारीक बुडबुड्यांनी भरलेली.

"साकेत, पुस्तकात याला काय म्हणतात?"

डॉ. साकेत तेव्हा पहिल्या वर्षाचा निवासी होता. तो म्हणाला, "बर्फाचं वादळ दिसतं म्हणतात, मॅडम."

"वर्ध्यात बर्फ फक्त रसवंतीत असतो. भिजलेला साबुदाणा म्हण, जन्मात विसरणार नाहीस."

मराठीत याला द्राक्षगर्भ म्हणतात. नाव मोठं देखणं आहे. गर्भ धरतो, पण लेकरू बनतच नाही. नुसती वार बेफाम वाढते, द्राक्षांच्या घडासारखी. काढून टाकावी लागते. आणि काढल्यावरही काही जणींमध्ये तिचे अंश गर्भाशयाच्या भिंतीत शिरून गाठीसारखे वाढतात, कधीकधी फुप्फुसापर्यंत पोचतात. हे सगळं मॅडमनी संगीताला नीट सांगितलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मग म्हणाली, "म्हंजे लेकरू नोयतंच?"

"नाही."

"मंग मी तीन महिने बोलत कोनाशी होती?"

मॅडमनी प्रोब पुसून ठेवला. उत्तर सासूकडे होतं. ती बाहेरच्या बाकावर बसून मोठ्यानं सांगू लागली, "मले आधीच शंका होती. इच्या माहेरचंच खोटं हाय. इच्या मावशीलेबी असंच झालतं. आमच्या घरान्यात असं कधी नाई."

मॅडम दार उघडून बाहेर गेल्या. त्यांचा आवाज एकदम गोड झाला होता, आणि तो गोड झाला की आम्ही घाबरत असू.

"आजी, शास्त्र शिकणार का थोडं? प्रत्येक लेकरात अर्धं आईचं असतं, अर्धं बापाचं. बरोबर?"

"हाव जी."

"या प्रकारच्या द्राक्षगर्भात आईचं काहीच नसतं. सगळंच्या सगळं बापाचं असतं. म्हणजे हे जे आत आहे ना, ते शंभर टक्के तुमच्या घराण्याचं आहे. सुनेनं फक्त जागा दिली."

बाकावर बसलेल्या बाया हसल्या. नवरा चपलेकडे पाहू लागला. सासूनं नारळाची पिशवी बाकाखाली सरकवली.

आत आल्यावर साकेत हळूच म्हणाला, "मॅडम, पण त्यात बीजांडच रिकामं असतं. म्हणजे तसं पाहिलं तर..."

"ते तुला परीक्षेत लिहायचं आहे, तिच्या सासूला नाही."

संगीताची पिशवी रिकामी करण्यात आली. त्यानंतर दर आठवड्याला रक्ताची तपासणी. गरोदरपणात वाढणारं एक द्रव्य असतं, बीटा एचसीजी. ते शून्याकडे गेलं तर सुटका, वाढलं तर आजार शिल्लक. वॉर्डात त्याला नुसतं 'बीटा' म्हणतात. पाचव्या आठवड्यापर्यंत तो उतरत गेला. सहाव्या-सातव्याला चढला. सिस्टरनं दारातूनच सांगितलं, "संगीताचा बीटा वाढला," आणि सासूनं हात जोडले, "बेटा वाढला? देव पावला बापा!"

मॅडम नेमक्या तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या. "आजी, या दवाखान्यात बेटा वाढला की रडायचं आणि घटला की पेढे वाटायचे. तुम्हाला आता सगळं उलटं शिकावं लागणार."

बीटा चढला, त्यासोबत रक्तस्रावही सुरू झाला. स्त्रीरोग विभागाचे प्रमुख कारंजेकर सर. माणूस वाईट नव्हता. शस्त्रक्रियेत हात असा की बघत राहावं. "हात सोन्याचे आहेत," मॅडम म्हणत, "म्हणून डोक्याला त्यांनी सुट्टी दिली आहे." सरांनी सांगितलं, आत काहीतरी राहून गेलंय, उद्या परत खरवडून साफ करू. संगीताला आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवलं. सकाळी, केवळ रीत म्हणून, सोनोग्राफीला पाठवलं.

मॅडमनी पाहिलं. पिशवी आतून रिकामी होती. पण भिंतीत, लिंबाएवढ्या जागेत, पडद्यावर रंगांचा कल्लोळ उठला होता. लाल, निळा, पिवळा, हिरवा, सगळे एकमेकांत मिसळलेले. मशीनचा आवाज सुरू केला तर धो-धो पाण्यासारखं ऐकू आलं. एरवी रक्तवाहिनीत रक्त ठोक्याठोक्यानं जातं, मध्ये अडतं. इथं अडणं नव्हतंच.

"तोटी नसलेला नळ," मॅडम म्हणाल्या. "आजार भिंतीत शिरलाय. आणि कारंजेकर सर चमचा घेऊन त्याच भिंतीवर निघालेत. ज्योती, छाप हे."

मी छापलं. मॅडमनी माझ्या हातातून चित्र घेतलं नाही. "चल," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या मागे पळत शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत गेले. सर हात धुवायला निघाले होते.

"सर, ही केस घेऊ नका."

"मॅडम, तुमच्या सावल्या बघून मी माझी यादी बदलायची का?"

"सावल्या नाहीत, रक्त आहे. पिशवीत खरवडण्यासारखं काही नाही. जे खरवडाल ती भिंत असेल. तिथं एकदा हात लागला की ते थांबायचं नाही."

"पंचवीस वर्षं मी हेच करतोय."

"म्हणून सांगतेय. किती बाटल्या रक्त मागवलंत?"

"एक."

"सहा मागवा. आणि नातेवाइकांसाठी एक पत्र तयार ठेवा. ज्योतीचं टायपिंग चांगलं आहे."

मला वाटलं, माझी नोकरी गेली. सरांनी माझ्या हातातलं चित्र ओढून घेतलं, खिडकीपाशी जाऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सिस्टरला म्हणाले, "ही केस आज नको. पेशंटनं पाणी प्यायलंय."

ट्रॉलीवर पडलेली संगीता तडकन उठून बसली. "नाई जी! कालपासून थेंब नाई घेतला म्या! कोन सांगतलं?"

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घेतलंस. सर म्हणाले म्हणजे घेतलंस. आता जा आणि खरंच घे. चहा पण घे."

केसपेपरवर कारण लिहिलं गेलं ते तेच : रुग्ण उपाशी नव्हता. सरांची अब्रू आणि संगीताचा जीव दोन्ही वाचले. मॅडमच्या मते, यातली एकच गोष्ट वाचवण्यालायक होती, पण दुसरी फुकट आली.

मग इंजेक्शनं सुरू झाली. कर्करोगाला देतात त्यातलीच. हा आजार त्या औषधांना चांगली दाद देतो, असं मॅडमनी सांगितलं होतं, आणि सांगताना टोमणा मारला नव्हता, म्हणून आम्ही विश्वास ठेवला. संगीताचं तोंड सोलून निघालं. पाणी पितानाही डोळ्यांत पाणी. दर फेरीला आठवडाभर वॉर्डात, मग आंजीला, मग परत. नवरा सकाळी भाजी विकून दुपारी तिच्यापाशी येऊन बसायचा, न बोलता. चार फेऱ्यांनंतर बीटा शून्यावर आला. सासूनं खरोखर पेढे वाटले. घटल्याबद्दल. मॅडमनी दोन खाल्ले. गोड चालत नाही म्हणणाऱ्या बाईनं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण तीन महिन्यांनी संगीता पुन्हा डॉप्लरला आली, आणि भिंतीतला तो रंगांचा कल्लोळ थोडा लहान होऊन तिथंच बसलेला होता. बीटा शून्य. रक्तस्राव थोडासा, कधीमधी. कारंजेकर सरांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं : गर्भाशयच काढू, कायमची कटकट मिटेल. घरची मंडळी मान हलवून मोकळी झाली होती. संगीतानं मान हलवली की नाही, हे कोणी पाहिलं नव्हतं.

ती कपडे नीट करून बाहेर जाऊन बसली. मॅडम हात धुवायला उठल्या आणि साकेत मला रिपोर्ट सांगू लागला. शेवटच्या ओळीला तो म्हणाला, "आजार शिल्लक असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

माझी बोटं आपोआप थांबली. बेसिनचा नळ बंद झाला.

"साकेत, बस खाली," मॅडम म्हणाल्या. त्या स्वतः उभ्याच राहिल्या. "हे वाक्य मी एकदा लिहिलं होतं. सिंदीची मुलगी होती, मीना. चोवीस वर्षांची. हाच आजार, हीच औषधं. रक्त साफ झालं होतं, पण डॉप्लरमध्ये वाहिन्या दिसत होत्या. अशाच. मी तेव्हा नवीन होते, हुशारही होते. मी लिहिलं, शक्यता नाकारता येत नाही. त्या एका ओळीवर तिचं गर्भाशय काढलं. तपासायला पाठवलं. आजाराचा कणही नव्हता. आजार मेला होता, त्यानं रुंद केलेल्या वाहिन्या तेवढ्या मागे राहिल्या होत्या. जत्रा उठली तरी रस्ता राहतो ना, तशा. थोड्या महिन्यांत बुजल्या असत्या."

साकेतनं हातातला कागद खाली ठेवला.

"चाकू दुसऱ्याच्या हातात होता. वाक्य माझं होतं."

"मॅडम, त्या मीनाला कळलं?"

"ती आली होती मला भेटायला. भांडायला नाही. माझ्यामुळे जीव वाचला, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. घरून पापड करून आणले होते तिनं."

"मग तुम्ही सांगितलं?"

मॅडमनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. "नाही. पापड घेतले."

त्या खोलीत मी पुष्कळ शांतता ऐकली होती. ठोका सापडत नाही तेव्हाची, गाठ दिसते तेव्हाची. ही वेगळीच होती. जगाला तोंडावर खरं सांगत फिरणाऱ्या या बाईंनी एकदा, जिथं सांगायलाच हवं होतं तिथं, तोंड उघडलं नव्हतं. मला त्यांची कीव आली नाही. रागही आला नाही. फक्त एवढं कळलं की त्यांचा प्रत्येक टोमणा आधी स्वतःला मारून पाहिलेला असणार.

"बोलाव तिला," मॅडम मला म्हणाल्या. "घरच्यांनाही."

संगीता, सासू, नवरा आत आले. मॅडमनी दिवे लावले.

"मॅडम, सर म्हनते काहाडून टाका," संगीता म्हणाली. "तुमचं काय म्हननं हाय?"

"हे पाय संगीता," मॅडम म्हणाल्या, "मले सगळं मालूम हाय असं नाई. तुह्या पोटात ज्या नसा दिसून राह्यल्या त्या आजाराच्या हायेत का नुसत्या राह्यलेल्या, हे मशीन सांगत नाई. रक्त सांगते. अन् रक्त म्हन्ते, आजार गेला. मले वाटते, थांबावं."

"अन् थांबून वाढलं तं?"

"रक्तात कळंल. बीटा वाढला तं त्याच दिवशी औषध चालू. अन् एकाएकी भडभडा रक्त जाऊ लागलं तं अर्ध्या रात्री निघजो, सकाळची वाट नको पाहू. नागपूरले नस बंद करता येते, गर्भाशय न काढता. पण धोका हाय. नाई म्हन्त नाई मी."

सासू मध्येच म्हणाली, "काहाडलं तं धोका नाई ना?"

"नाई, आजी. मंग कायचाच धोका नाई. लेकराचाबी नाई."

सासू मागे सरकली. बायको आणि आई यांच्यामध्ये लग्नापासून न बोलता बसलेला नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "थांबू," तो म्हणाला. मग आपण फार बोललो असं वाटून त्यानं संगीताकडे पाहिलं. "तुले काय वाटते?"

"मले कोन इचारलं होतं आतापर्यंत," संगीता म्हणाली. "थांबू."

मॅडमनी रिपोर्ट स्वतः सांगितला. भिंतीत वाहिन्या आहेत. रक्ततपासणीनुसार आजार नाही. शस्त्रक्रियेची गरज मला दिसत नाही. खाली सही, पूर्ण नावानं. कारंजेकर सरांनी तो वाचून माझ्याजवळ निरोप दिला की काही झालं तर जबाबदारी थूल मॅडमची. मॅडम म्हणाल्या, "सही वाचता येते म्हणावं सरांना. प्रगती आहे."

वर्षभर त्यांची झोप उडाली असणार. त्या कबूल करत नसत. पण दर सोमवारी सकाळी आल्याआल्या पर्स ठेवायच्या आधी त्या प्रयोगशाळेत फोन लावत आणि आवाजात शक्य तेवढा कंटाळा आणून विचारत, "त्या आंजीवालीचा बेटा काय म्हणतो?" दर महिन्याला रक्त, दर दोन महिन्यांनी डॉप्लर. एकदा दुपारी आंजीहून फोन आला की रक्त जास्त जातंय. संगीता पोचेपर्यंत मॅडमनी डबा उघडला नाही. ती आली, तपासली, नेहमीची पाळी निघाली. मॅडमनी तिला इतकं झापलं, इतकं झापलं, की ती हसायला लागली. मग मॅडम जेवल्या, चार वाजता.

वाहिन्या आकसत गेल्या. लिंबाचं बोर झालं, बोराची हरभऱ्याची डाळ. एका सकाळी भिंत नुसती करडी दिसली. मॅडमनी प्रोब सगळीकडून फिरवला, रंगाची बटणं वर-खाली केली, मशीनवर दोन चापट्या मारल्या आणि म्हणाल्या, "काही नाही. लिही ज्योती, काही नाही." त्यांच्या नोकरीतला तो सर्वांत छोटा रिपोर्ट असावा.

दीड वर्षानं संगीता गरोदर होऊन आली. सासू बाहेरच बसली, आत यायचं धाडस तिला झालं नाही. मॅडमनी चार मिनिटांत तपासणी उरकली. ठोका, डोकं, हात, पाय, वार जागेवर.

"कसं हाय जी?" संगीतानं विचारलं.

"अत्यंत कंटाळवाणं लेकरू आहे," मॅडम म्हणाल्या. "शिकवण्यासारखं काही नाही. साकेतला दाखवायची पण गरज नाही. असंच राहू दे."

संगीता रडली. मॅडमनी तिला कागदी रुमाल दिला आणि पोट पुसायला सांगितलं.

पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात कारंजेकर सरांनी अध्यक्षीय भाषणात सांगितलं की आम्हा दोघांची मतं नेहमीच जुळत आली. मॅडमनी सगळ्यात मोठ्या टाळ्या तिथं वाजवल्या. त्या सेलूजवळच्या शेतातल्या घरी राहायला गेल्या. मी रोज त्याच रस्त्यानं बसनं जात होते, तरी उतरून भेटायला गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. आपल्याला वाटतं, अशी माणसं कुठं जातात.

तीनेक वर्षांनी, उन्हाळ्यात, नंबर पुकारताना मी यादीत त्यांचं नाव वाचलं. बाहेर पाहिलं तर मॅडम बाकावर बसल्या होत्या, हातात अठ्ठावीस नंबरची चिठ्ठी. उजवा पाय सुजून दुप्पट झालेला. सोबत भाची. मी म्हटलं, "मॅडम, चला ना आत, नंबर कसला?" त्या म्हणाल्या, "सत्तावीस बाया इथं शोभेला बसल्या नाहीत." आणि खरोखर दोन तास बसल्या.

खोली आता डॉ. साकेतकडे होती. त्यानं मॅडमना टेबलावर घेतलं आणि पायावर प्रोब ठेवला. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. रंग जिथं भरायला हवा तिथं शीर काळी दिसत होती. हे मलाही कळलं, मग मॅडमना किती कळलं असेल. पण साकेतनं पडदा त्यांच्याकडे वळवला तेव्हा त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

"तू सांग," म्हणाल्या. "मी पेशंट आहे."

साकेतनं सांगितलं. गुठळी मांडीपर्यंत आहे, रक्त पातळ करायचं औषध लागेल, भरती व्हावं लागेल, फुप्फुसात गेली तर धोका. त्या ऐकत राहिल्या. मी वाट पाहत होते टोमण्याची. नोकरीच्या बावीस वर्षांत इतकी वाट कशाची पाहिली नव्हती. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "भात खाल्ला तर चालते का?"

दिवसातून चाळीस बाया हाच प्रश्न विचारतात. साकेत हसला नाही. "चालतो, मॅडम," तो म्हणाला.

वॉर्डातून ट्रॉली यायला वेळ होता. त्या पुन्हा बाहेर बाकावर जाऊन बसल्या, पाय भाचीच्या मांडीवर. शेजारी एकोणतीस नंबरची मुलगी होती, पहिलटकरीण, फाइल छातीशी घट्ट धरलेली. तिला या बाई कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी दार लोटत असताना तिनं मॅडमना विचारलेलं मला ऐकू आलं.

"मावशी, अंदर दुखते का वं?"

"नाई माय," मॅडम म्हणाल्या. "गार लागते जराशीक. बस."